वईचा निवडुंग

मांसल वनस्पती म्हणजे खोडात किंवा पानात पाणी साठवणाऱ्या पेशींचा जाड थर असलेल्या, शहरातील रोपवाटिकांमध्ये आज ‘सक्युलंट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वनस्पती. मराठी मुलखाशी त्यांचा जुना संबंध कुंडीतून आलेला नसून शेताच्या आणि परसाच्या कुंपणातून आलेला आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांच्या संदर्भात हा संबंध पाहू लागल्यास प्रथमदर्शनी एक विसंगती समोर येते. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एवढ्या पावसाच्या प्रदेशात पाणी साठवून जगणाऱ्या झाडाचे काय काम, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर पावसाच्या एकूण प्रमाणात नाही, त्याच्या वाटपात आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, बेसाल्टच्या उतारावरील पातळ माती त्यातले थोडेच पाणी धरून ठेवते, आणि उरलेले आठ महिने तीच जमीन इतकी कोरडी पडते की चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांवर माणसांना पिण्याच्या पाण्यासाठीही पायपीट करावी लागते. असा प्रदेश चार महिने कोकण आणि आठ महिने जवळजवळ माळरान असतो, आणि या दुसऱ्या काळात हिरवे राहू शकणाऱ्या मोजक्या झाडांमध्ये निवडुंगाचा समावेश होतो.

निवडुंग हे मराठीत एका झाडाचे नाव नाही. त्यात परस्परांहून दूरच्या कुळांतील वनस्पती एकत्र येतात, आणि त्यांचे वर्गीकरण लोकांनी विशेषणांनी केलेले आहे. चपट्या, फण्यासारख्या सांध्यांचा तो फड्या निवडुंग, तीन कडांच्या खोडाचा तो त्रिधारी, आणि पाच उभ्या कडांवर जोडकाटे असणारा, पावसाळ्यात शेंड्याला जाड पाने धरणारा व तोडताच पांढरा चीक गाळणारा तो थोर किंवा वई निवडुंग. शास्त्रात यातील शेवटच्याला ‘युफोर्बिया नेरिफोलिया’ म्हणतात, म्हणजे कण्हेरीसारख्या पानांचा युफोर्बिया. ‘वई’ या शब्दाचा अर्थ कुंपण. झाडाच्या नावातच त्याचा उपयोग असा रुतून बसला असेल, तर तो उपयोग बराच जुना असला पाहिजे आणि ज्यांनी ते नाव दिले त्यांच्या दृष्टीने झाडाचे औषधी गुण, फूल किंवा काटा यांपैकी कशापेक्षाही कुंपण म्हणून असलेले त्याचे स्थान महत्त्वाचे असले पाहिजे, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. त्याच कामाचे दुसरे झाड म्हणजे शेर. त्याला काटे नसतात, बोरूसारख्या हिरव्या गोल कांड्यांचा नुसता गुंता असतो, आणि संरक्षणाचे सारे काम त्याचा जळजळीत चीक करतो.

कुंपणाची गरज शेतीच्या पद्धतीतून निर्माण झाली होती. जव्हार-मोखाड्यातील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी या समाजांची पिके, म्हणजे खोलगट खाचरातील भात आणि वरकस उतारावरील नागली व वरी, पावसावर येतात. कापणी आणि झोडणी आटोपली की गावातील गुरे मोकळी चरण्याची रीत असते, आणि त्या काळात परसातील मिरची, वाल, वेल किंवा नव्याने लावलेले आंब्याचे रोप राखायचे तर कुंपणाशिवाय गत्यंतर नसते. तोडलेल्या काटेरी फांद्यांची वई दरवर्षी नव्याने घालावी लागते, कारण वाळवी आणि पाऊस मिळून ती एका वर्षात खाऊन टाकतात. निवडुंगाची वई एकदा रुजली की ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही, आणि तिच्यासाठी जंगलात जावे लागत नाही. हा शेवटचा मुद्दा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष महत्त्वाचा ठरला असावा. मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याचा भाग म्हणून ब्रिटिश अंमलात होता, तर शेजारचे जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातून फांदी तोडणे हाच वादाचा विषय बनला, आणि ज्या झाडाची फांदी घराच्या बांधावरच मिळते त्याचे मोल अशा काळात वाढणे स्वाभाविक होते.

फांद्यांच्या या वादाचे केंद्र राब हे होते. राब म्हणजे भाताची व नागलीची रोपे करण्यापूर्वी त्या जागेवर ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, पाने, गवत, शेण यांचे थर रचून ते जाळणे. त्यामुळे तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारींसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे राबाचा प्रश्न ठळकपणे होता, आणि झाडे छाटण्याचा रयतेचा हक्क कोठपर्यंत मानायचा याची चर्चा त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. सरकारी कागदपत्रांत छाटणी हा शब्द येतो तो बहुतेक याच संदर्भात, आणि वईच्या छाटणीवर कोणाचा आक्षेप नसल्यामुळे तिची नोंद घेण्याचे कारणच कोणाला पडले नाही. वस्तुतः एकाच घरातील एकाच कोयत्याने ही दोन्ही कामे होत. ऐनाची छाटलेली फांदी राखेच्या रूपाने रोपांच्या वाफ्यात जाई, तर निवडुंगाची छाटलेली फांदी तशीच जमिनीत जाई आणि स्वतःच रोप होई.

हा फरक समजण्यासाठी मांसल झाडाच्या देहाची रचना पाहावी लागते. वई काही वर्षे न छाटता वाढू दिली की तिचा भार शेंड्याकडे सरकतो, खालचे खोड करड्या रंगाचे व लाकडी होते, त्यावरील फांद्या झडतात, आणि बाहेरून पुरुषभर उंच व दाट दिसणाऱ्या वईच्या बुडाशी शेळीचे करडू सहज शिरेल अशी भोके पडतात. वाऱ्या-पावसात वजनाने फांद्या मोडून पडतात ते वेगळेच. म्हणून शेंडे उतरवावे लागतात. शेंडा कापला की त्याखालच्या कडांवरील सुप्त डोळे, म्हणजे काट्यांच्या जोडीलगतचे वाढबिंदू, जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन फांद्या फुटतात. उतरवलेला शेंडा, साधारण हातभर लांबीचा, लगेच लावल्यास कुजतो, कारण त्याच्या कापलेल्या तोंडातून ओलाव्याबरोबर बुरशी आत शिरते. तो सावलीत आठ-पंधरा दिवस नुसता पडू दिला, चीक सुकू दिला आणि तोंडावर खपली धरू दिली, तर त्याच्या पोटातील पाण्यावर तो जिवंत राहतो आणि खपलीच्या कडेने मुळे फुटू लागतात. बहुतेक झाडांची कापलेली फांदी ताजी असतानाच लावावी लागते. मांसल झाडाला मात्र आधी उपाशी ठेवावे लागते.

जव्हारच्या पावसात या सुकवण्याला आणखी एक अट जोडली जाते, ती वेळेची. वैशाखात छाटून, खपली धरवून, मृगाच्या तोंडावर बांधाच्या उंचवट्यावर रोवलेला तुकडा पहिल्या सरींवर मुळे धरतो आणि आषाढाची झड येईपर्यंत जमिनीत ठरतो. तोच आषाढात छाटून लावला तर त्याची जखम सुकतच नाही. बांधाचा उंचवटा यासाठी की मुळाशी पाणी तुंबू नये. कोयता चालवणाऱ्याने तोंड फिरवून आणि हात अंगापासून दूर धरून छाटावे, चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, ही खबरदारी अनिवार्य आहे. थोर आणि शेर या दोहोंच्या चिकाने डोळ्याला गंभीर इजा होते आणि काही काळ दृष्टी जाण्याइतकी ती वाढू शकते. जखम सुकवणे, ऋतू साधणे आणि चिकापासून जपणे एवढेच हे ज्ञान आहे. ते लिहून ठेवण्याजोगे कोणास वाटले नाही तरी त्यातील एक पायरी चुकली की वई उभी राहत नाही, आणि म्हणून त्याला कसब हाच शब्द योग्य आहे.

संस्कृत आणि पाली ग्रंथांनी या कसबाच्या दोन बाजू मात्र नोंदवल्या आहेत. चरकसंहितेच्या कल्पस्थानात सुधाकल्प नावाचा अध्याय आहे. सुधा किंवा स्नुही म्हणजे थोर. त्यात अल्प काट्यांचा आणि बहु काट्यांचा असे त्याचे दोन प्रकार सांगून, दोन-तीन वर्षांच्या झाडाला शिशिर ऋतूच्या अखेरीस शस्त्राने छेद देऊन चीक घ्यावा असे म्हटले आहे, आणि हे रेचक सर्वांत तीक्ष्ण असल्याने जपून वापरावे असा इशाराही दिला आहे. त्याच चिकाचे अनेक लेप सुती दोऱ्यावर चढवून, त्यावर आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे देऊन क्षारसूत्र तयार होते. भगंदरावरील या उपचाराला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनारस हिंदू विश्वविद्यालयात पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. पाली दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात भिक्षूंनी ज्यांना इजा करू नये अशी पाच प्रकारची ‘बीजे’ मोजली आहेत: मुळापासून, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बियांपासून उगवणारी. फांदी हेसुद्धा बीजच, ही कल्पना इतक्या नेमकेपणाने मांडणारी दुसरी जुनी यादी सापडणे कठीण आहे. बौद्ध धर्म या भागाला परका नव्हता. आज पालघर जिल्ह्यातच असलेल्या सोपारा या जुन्या बंदरातील स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, आणि त्या बंदरातून घाटावर जाणारे मार्ग याच डोंगराळ पट्ट्याच्या आसपासून जात होते.

वईतील सगळी झाडे मात्र मूळची येथील नाहीत. शेराचे मूळ आफ्रिकेकडे दाखवले जाते, परंतु तो भारतात इतका जुना आहे की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात शेर ‘तिरुकल्ली’ या मल्याळी नावाने आला, आणि लिनियसने १७५३ मध्ये तेच नाव शास्त्रात कायम केले. घायपात अमेरिकेतून आली. तिच्या पानांच्या कडांना आणि टोकाला काटे असतात, पानांतून दोरांसाठी वाख निघतो, आणि अनेक वर्षांनी एकदाच उंच दांडा फुलून झाड मरते. पण मरण्यापूर्वी बुडाभोवती पिल्ले आणि अनेकदा दांड्यावर छोटी रोपे सोडते, त्यामुळे तिची लावणी करणाऱ्याला छाटणीचीही गरज पडत नाही.

फड्या निवडुंगाची कथा सर्वांत उद्बोधक आहे. तोही अमेरिकेतला. त्यावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग मिळवण्याच्या आशेने १७९५ मध्ये ब्राझीलहून बंगालमध्ये किडे आणले गेले. ते निकृष्ट जातीचे निघाले, रंगाचा धंदा उभा राहिला नाही, आणि एका जातीच्या फड्या निवडुंगाचा मात्र त्यांनी उत्तर व मध्य भारतात फडशा पाडला. दुसरी जात दख्खनमध्ये आणि दक्षिणेत कुंपणातून सुटून शेते व गायराने गिळत गेली, आणि १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या दुसऱ्या कोचिनील किड्याने काही वर्षांतच तिला आवर घातला. ज्या गुणामुळे मांसल झाड कुंपणाला उपयोगी ठरते, म्हणजे तुटून पडलेला प्रत्येक तुकडा रुजतो, त्याच गुणामुळे ते देशावर संकट बनले. जव्हारकडे थोर आणि शेर यांची वई अशी अनावर झाली नाही, याचे श्रेय बरेचसे त्या चार महिन्यांच्या पावसाला द्यावे लागते, कारण सुकण्याची सवड न मिळालेला तुकडा तेथे कुजून जातो. माणसाने हेतुपूर्वक जपून लावलेला तेवढा रुजतो.

कुंपणाच्या आत, ओटीजवळ किंवा न्हाणीच्या कडेला, मांसल झाडांची दुसरी फळी असते. कोरफड बुडाशी पिल्ले देते, ती वेगळी करून लावली की झाले. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात तिच्या रसापासून होणाऱ्या एळियाला सुरुवातीलाच स्थान दिले होते. पानफुटीला तर फांदीचीही गरज नसते. पानाच्या दातेरी कडेवरील प्रत्येक खाचेत झोपलेला वाढबिंदू असतो, आणि पान मातीवर पडले की त्या खाचांतून मुळांसकट रोपे उभी राहतात. मराठी नावाने हे वैशिष्ट्य दोन शब्दांत सांगून टाकले आहे. हे झाड मूळचे मादागास्करचे. गटे या जर्मन कवीला त्याच्या या पानाने इतके भारले होते की तो त्याची पाने मित्रांना भेट म्हणून पाठवत असे, तर मराठी घरांत तेच पान भाजल्या-कापल्यावर किंवा मुतखड्यासाठी मागून नेले जाते, आणि नेलेल्या पानांतून शेजारच्या अंगणातही झाड होते. या प्रसाराला बाजार लागत नाही, आणि त्यामुळेच त्याचा कोणताही हिशेब कोठे सापडत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वईची जागा तारेने घेण्यास सुरुवात केली. तार एका दिवसात उभी राहते, तिला चीक नसतो आणि ती जागा खात नाही, तेव्हा हा बदल समजण्याजोगा आहे. तरीही एक कसब त्यामुळे निरुपयोगी ठरत चालले, ही हानी खरी आहे आणि ती नोंदवली गेली पाहिजे. याच काळात एक उलट प्रवाहही आला. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात १९८२ पासून आदिवासी कुटुंबांसाठी वाडी कार्यक्रम राबवला आणि पुढे तो जव्हार परिसरातही आणला. वाडी म्हणजे सुमारे एका एकराच्या वरकस जमिनीवर आंबा आणि काजूची कलमे, त्यांच्या मधल्या जागेत नेहमीची पिके, आणि सभोवार जंगली झाडांची व गुरे न खाणाऱ्या झुडपांची सजीव वई. कलमाचे रोप पहिल्या तीन-चार वर्षांत उन्हाळी मोकाट गुरांपासून वाचले तरच वाडी उभी राहते, म्हणून खड्डे घेण्याबरोबरच कुंपणाची लावणी करावी लागते, आणि त्यासाठी लागणारे तुकडे जुन्या वईच्या छाटणीतूनच, वैशाखात, खपली धरायला सावलीत टाकून मिळवता येतात.