अश्वशक्तीचे बिल

पिंपळगाव बसवंतच्या परिसरात शेतकऱ्याच्या नावावर विजेची दोन बिले असतात : एक घराचे, दुसरे मळ्यातल्या पंपाचे. घराचे बिल युनिटवर येते. मीटर नसलेल्या पंपाचे बिल मात्र मोटार किती अश्वशक्तीची आहे त्यावर ठरते. राज्य विद्युत मंडळाने ही पद्धत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणली, आणि शेतीच्या विजेवरून पुढे झालेल्या बऱ्याच भांडणांचे मूळ या हिशेबात आहे, असे माझे मत आहे. अश्वशक्तीवरून मोटार वीज किती वेगाने ओढते एवढेच कळते. एकूण किती ओढली हे काढायचे तर तासांनी गुणावे लागते. दोन हजार वॅटचा गीझर पाव तास चालला तर अर्धे युनिट जळते, पंचाहत्तर वॅटचा पंखा वीस तास फिरला तर दीड युनिट. पंपाचेही तसेच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटारीतली घट सोडून दिली तरी पाच अश्वशक्तीचा पंप ५०० तासांत १,८६५ युनिट घेतो आणि १,५०० तासांत ५,५९५. बिल दोघांना सारखेच.

मंडळाची अडचण खोटी नव्हती. विहिरी मळ्यामळ्यांत विखुरलेल्या. रीडिंग घेत फिरण्याचा खर्चच वसुलीला भारी. शिवाय थ्री फेज वीज दिवसा आठ किंवा रात्री दहा तासच मिळते, तेव्हा तास जवळपास ठरलेलेच आहेत, असाही युक्तिवाद होतो. पण मिळालेले तास आणि चाललेले तास एक नव्हेत. पावसाळ्यात मोटार बंद असते, उन्हाळ्यात विहीर आटली की पुन्हा बंद. ठिबकवरची द्राक्षबाग आणि वाफ्यात पाणी सोडलेला कांदा यांचे तास वेगळे. त्यात एकदा ठोक रक्कम भरली की पुढचा प्रत्येक तास फुकट. मग स्टार्टरला ऑटो स्विच लावायचा आणि रात्री वीज येईल तेव्हा पंप आपोआप सुरू होऊ द्यायचा. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, दराची रचनाच त्याला तसे शिकवत होती. १९८०च्या कांदा आंदोलनाने पिंपळगावावरून जाणाऱ्या महामार्गावर उत्पादन खर्चाइतका भाव मागितला. त्या खर्चातला विजेचा वाटा मात्र पिकाच्या गरजेवर नव्हे, मोटारीवरच्या पाटीवर ठरत होता.

मोजमाप नसल्याने दुसऱ्या बाजूचेही फावले. शेतीचा वापर अंदाजाने धरायचा म्हटले की गळती आणि चोरी त्याच खात्यात लपवता येते. १९९९ साली वीज नियामक आयोग स्थापन झाला, आणि २०००च्या दरनिश्चितीत मंडळ सांगत होते त्याहून गळती बरीच मोठी असल्याचे दिसले. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ५५ने दोन वर्षांनंतर मीटरशिवाय पुरवठा नको असे सांगितले. तरी बिनमीटरचे पंप राहिलेच. २००४च्या निवडणुकीआधी मोफत विजेची घोषणा झाली आणि नंतर ती मागे घेतली गेली. एप्रिल २०२४पासून बळीराजा योजनेत शेतीपंपांना पुन्हा मोफत वीज आहे, आणि पात्रतेची मर्यादा पुन्हा अश्वशक्तीतच : साडेसात. बिल कोण भरतो हा राजकारणाचा प्रश्न आहे, तो तिथेच सुटू द्या. पण शेतकऱ्याचे बिल शून्य असले तरी सरकार कुणाच्या तरी आकड्यावर पैसे भरतेच. निदान प्रत्येक डीपीवर तरी मीटर बसवा आणि त्याचे रीडिंग ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.