बाबांच्या नावाची ओळ

मी उलव्यात राहतो. २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि आमच्या घरी जुना विषय पुन्हा निघाला... बाबांचं एकाहत्तर. बाबा हवाई दलात होते. पायलट नव्हे हां, इंजिन फिटर. म्हटलं, दोन-चार वीकांत घालवून त्यांच्या युद्धाचा माग काढूया.

पहिली गंमत म्हणजे लांबचं युद्ध शोधणं सोपं, जवळचं अवघड. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय स्क्वाड्रन्सच्या नोंदवह्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये खुल्या आहेत. कुठलं विमान, पायलट कोण, कधी उडालं, कधी उतरलं, सगळं लिहिलेलं. आपल्याकडे असे कागद साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचं धोरण संरक्षण मंत्रालयाने मंजूर केलं जून २०२१ मध्ये. तोवर १९७१ च्या युद्धाला पन्नास वर्षं होत आली होती.

बरं, पायलटची नोंद तरी लगेच सापडते का? मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या २३ स्क्वाड्रनमध्ये होता. जून १९१८ मध्ये फ्रान्सवर गस्तीला गेला तो परतलाच नाही. जर्मनांनी त्याला पुरलं, पण कबरीवरचं नाव इतकं चुकलेलं की ओळख पटायला युद्ध संपून काही वर्षं जावी लागली. स्क्वाड्रन लीडर देवय्या ७ सप्टेंबर १९६५ च्या सरगोधा हल्ल्यातून परतले नाहीत. त्यांनी पडण्याआधी पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं होतं, हे आपल्याकडे कळलं ते जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाच्या १९७९ च्या पुस्तकातून. महावीर चक्र मिळालं १९८८ मध्ये, मरणोत्तर.

तरी पायलटच्या नावाची एक ओळ कुठेतरी असते. इंजिन फिटरचं काय? उड्डाणाआधी तो विमान तपासतो आणि 'फॉर्म ७००' वर सही करतो. ती सही बघून पायलट आपली सही करतो आणि जीव त्या इंजिनावर सोपवून निघतो. इतिहासाच्या पुस्तकात मात्र फक्त दुसऱ्या सहीचा माणूस येतो. आपण सॉफ्टवेअरवाले हे चांगलं ओळखतो. रात्रभर सर्व्हर जागता ठेवणाऱ्याचं नाव डेमोमध्ये कुठे असतं?

मग शोधायचं कुठे? घरातच. आधी डिस्चार्ज बुक बघा. मग पदकं काढा. एकाहत्तरची तीन आहेत: पूर्वी स्टार पूर्व आघाडीचा, पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीचा, आणि संग्राम मेडल. बाबांच्या ट्रंकेत पश्चिमी स्टार निघाला. म्हणजे आघाडी कळली! आता तळ आणि विमान. ते मात्र कुठल्याही कपाटात नाही, बाबांच्या डोक्यात आहे.

म्हणून आता रविवारी दोन तास फोनचा रेकॉर्डर चालू ठेवतो आणि बारीकसारीक विचारतो. थंडीत इंजिन कसं सुरू करायचात? परत न आलेल्या विमानाची वाट किती वेळ बघायचात? या शेवटच्या प्रश्नाला ते बराच वेळ गप्प राहिले. मी तेही रेकॉर्ड केलं.

मंडळी, एकाहत्तरचे एअरमन आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. सरकारी कागद उद्याही उघडतील. तुमच्या घरी असं कुणी असेल तर याच वीकांताला विचारा.