घाटवाट आणि पाणपोई

घाटवाट म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें सैन्यें उभीं राहतात. त्र्यंबकेश्वराहून मोखाडा व जव्हार यांवरून समुद्राकडे उतरणाऱ्या मार्गाचेंही तसेंच आहे. १६६४ सालीं शिवाजीमहाराज सुरतेवर गेले, तेव्हां जव्हारनजीक शिरपामाळावर त्यांचा मुक्काम झाला व जव्हारच्या राजानें त्यांचा सत्कार केला, अशी तेथील परंपरा आहे. परंतु सैन्यें क्वचित् जात. व्यापाऱ्यांचे बैल मात्र दर हंगामांत मीठ आणि धान्य घेऊन सह्याद्रीच्या वाटा चढत-उतरत.

नाशिक व समुद्रकिनारा यांच्यामधील दळणवळणाचा एक फार जुना पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा लेख आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर आणि शोर्पारग म्हणजे आजचें सोपारें. या व इतर ठिकाणीं त्यानें धर्मशाळा बांधल्या. सहा नद्यांवर प्रवाशांसाठीं विनामूल्य होड्या ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर विसांव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. त्या सहांतील दमणा ही दमणगंगा आणि डाहनुका ही डहाणूची नदी, असें विद्वान् मानतात. एका राजपुरुषानें आपलें पुण्य मोजतांना वाटसरूचें पाणीही त्यांत धरलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

१८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी इगतपुरीस पोहोंचली. पुढें मोटारी आल्या आणि बैलांच्या वाटांवर गवत माजलें. आतां अशा वाटा साफ करून, ढासळलेले चिरे पुन्हा बसवून, त्यांचा जीर्णोद्धार करावा अशी इच्छा अनेकांस होते. ती स्तुत्य आहे. परंतु जव्हार-मोखाड्यांत पावसाळ्यांत धो धो पाऊस पडूनही कातळावरचें पाणी वाहून जातें आणि वैशाखांत विहिरी तळ गांठतात. पाड्यांवरील स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन मैल मैल चालतात. त्यांच्या पायांखालीं वाट कधींच बुजली नाहीं.

तेव्हां वाट दुरुस्त करतांना तिच्या कडेचें टाकें उपसावें, झरा बांधून काढावा, विहिरींतला गाळ काढावा. आपल्यासारखा नगरवासी तेथें वर्षांतून एकदां जाईल. हंडा घेऊन जाणारी रोज जाते. पायऱ्या नीट बसल्या आणि पाणी मात्र मिळालें नाहीं, तर उषवदाताच्या हिशेबानें तें काम अर्धेंच झालें.