पाण्याला वाट हवी

मुंबई मुळात सात बेटांची. भरतीचे पाणी मधल्या खाड्यांत शिरे अन् सखल भाग बुडे. म्हणून १७८४ च्या सुमारास वरळीजवळ बांध घालून समुद्र अडवला. पुढे भराव पडले, जमीन मिळाली. पण बांध बाहेरचे पाणी थोपवतो, तसे आतलेही कोंडतो! जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची. तीही ओहोटी असेल तरच वाहणार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. मिठी नदीचे पात्र आकसलेले, वर भरती. शेकडो माणसे दगावली. पुढे समुद्राकाठी पंपकेंद्रे उभारली. आपला शेतकरी बांध घालताना सांडवा आधी ठेवतो. शहराने तो बुजवला, मग पंप शोधले.