नरक्या : अंतर्वासी कवके आणि कर्करोगविरोधी द्रव्य

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील दमट रानात वाढणारा लहान वृक्ष. शास्त्रीय नाव नॉथॅपोडायटिस निम्मोनियाना. जुन्या ग्रंथांत मॅपिया फीटिडा. फुलांच्या उग्र दुर्गंधीमुळे यास घाणेरा असेही म्हणतात. टणटणी अथवा घाणेरी हे झुडूप वेगळे. अमृता हे आणखी एक नाव. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, गगनबावडा या भागांत आढळतो.

वर्णन : पाने साधी, एकाआड एक, फुले बारीक, पिवळसर पांढरी, पावसाळ्यात येतात. पिकलेली फळे जांभळट.

कॅम्प्टोथेसिन : मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे कर्करोगविरोधी द्रव्य चीनमधील कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या वृक्षापासून वेगळे केले. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना १९७२ मध्ये हेच द्रव्य नरक्यात मिळाले. डीएनएची प्रत तयार होताना त्याचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला ते जखडते. डीएनए तुटतो व पेशी मरते. मूळ द्रव्याच्या चाचण्या मूत्राशयावरील दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकात थांबल्या. त्यापासून बनवलेले इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या, तर टोपोटेकान बीजांडकोशाच्या कर्करोगावर वापरतात.

अंतर्वासी कवके : झाडाला अपाय न करता त्याच्या ऊतकांत राहणाऱ्या बुरशा. सालीचा तुकडा स्पिरिटात व ब्लीचच्या द्रावणात बुडवून बाहेरची बुरशी मारतात, नंतर बटाटा-साखरेच्या आगरावर ठेवतात. काही दिवसांत कापलेल्या कडेतून तंतू फुटतात. ते आतले, असे धरतात. नरक्यातील अशा एका कवकापासून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचे जम्मूच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अशी आणखी कवके नोंदली गेली. मात्र नव्या आगरावर वारंवार पुनर्लागण केल्यावर त्यांचे उत्पादन घटते, असे आढळले. कॅम्प्टोथेका या चिनी वृक्षातील एका फ्यूजेरियम कवकामध्ये या द्रव्याच्या घडणीतील एक विकर नसते, ते यजमान झाडाकडून मिळते, असे स्पष्टीकरण पुढे आले आहे. अशा कवकांवर चालणारे औद्योगिक उत्पादन अजून उभे राहिलेले नाही.

पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीचा कर्करोग : नरक्याचा येथे थेट उपयोग नाही. संबंध येतो तो वाणी–वॉल यांनीच शोधलेल्या टॅक्सॉल या यू वृक्षातील कर्करोगविरोधी द्रव्यातून (संरचना १९७१). त्याच गटातील डोसेटॅक्सेल हे औषध युरोपीय यू वृक्षाच्या पानांतील द्रव्यापासून बनते. संप्रेरक-उपचारांना दाद न देणाऱ्या पुरःस्थ कर्करोगासाठी २००४ पासून मान्य आहे. यू वृक्षातील एक कवक टॅक्सॉल बनवते, असे १९९३ मध्ये जाहीर झाले. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाला तसा पुरावा मिळाला नाही.

मानवी कवकसंचय : झाडांप्रमाणे माणसाच्या शरीरातही कवके राहतात. कर्करोगाच्या गाठींमध्ये कवकांचे डीएनए सापडल्याचे २०२२ च्या दोन मोठ्या पाहण्यांत नोंदले आहे. प्रमाण अत्यल्प, त्यामुळे नमुन्यांत ते बाहेरून शिरल्याची शंका राहते. पुरःस्थ कर्करोगाशी कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही.

तोड : नरक्याच्या खोडात व मुळांतही कॅम्प्टोथेसिन असल्याने त्यासाठी झाड समूळ जाते. फांदी तोडून भागत नाही.