पेरूमधील प्रवासी रेल्वे

पेरू या दक्षिण अमेरिकेतील देशामध्ये प्रवासी रेल्वेचा आरंभ इ.स. १८५१ मध्ये लिमा ते कायाओ बंदर या छोट्या मार्गाने झाला. पेरूचे लोहमार्ग एका अखंड जाळ्याचे भाग नाहीत. समुद्रकिनाऱ्यावरून अँडीज पर्वतात चढणाऱ्या मध्य व दक्षिण या दोन प्रमुख वाटा एकमेकींना कोठेही मिळत नाहीत. त्यामुळे राजधानी लिमाहून कुस्को या जुन्या इंका राजधानीपर्यंत रेल्वेने जाता येत नाही.

मध्य रेल्वे

कायाओ–लिमा–ला ओरोया–वांकायो हा मार्ग जगातील सर्वांत अवघड लोहमार्गांपैकी एक होय. अमेरिकन कंत्राटदार हेन्री मिग्ज याने इ.स. १८७० मध्ये त्याचे काम हाती घेतले. आखणी पोलिश अभियंता एर्नेस्ट मालिनोव्स्की याची होती. समुद्रसपाटीपासून सुमारे १७० कि.मी. अंतरात ही गाडी गालेरा बोगद्यापाशी ४,७८१ मीटर उंची गाठते. ही उंची कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि ती दातेरी रुळाची मदत न घेता गाठली जाते. जेथे दरी इतकी अरुंद होते की वळण घेण्यास जागा उरत नाही, तेथे गाडी एका टोकाला जाऊन थांबते, दिशा बदलते आणि वरच्या रुळावरून पुढे जाते. बोरघाटात पूर्वी जे रिव्हर्सिंग स्थानक होते, त्याचेच तत्त्व येथे एकामागून एक अनेकदा वापरलेले आहे. इ.स. २००६ मध्ये तिबेटची रेल्वे सुरू होईपर्यंत जगातील सर्वांत उंच लोहमार्गाचा मान याच मार्गाकडे होता.

या उंचीची किंमत मजुरांनी मोजली. वेरुगास नावाच्या घळीवरील पुलाच्या परिसरात तीव्र ताप व रक्तक्षय होऊन मजूर मोठ्या संख्येने मरू लागले. लोक त्यास ‘ओरोया ताप’ म्हणत. अंगावर रक्ताळ चामखिळी उठणारा एक विकार त्या दऱ्यांत आधीपासून परिचित होता. पण दोन्ही रोग एकच की वेगळे, याचा उलगडा झाला नव्हता. इ.स. १८८५ मध्ये दानिएल अल्सिदेस कारिऑन या वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्णाच्या चामखिळीतील द्रव स्वतःच्या शरीरात टोचून घेतला. काही आठवड्यांनी त्यास ताप आला. अंगात त्राण असेपर्यंत त्याने स्वतःच्या लक्षणांची टिपणे ठेवली. ५ ऑक्टोबर रोजी त्याचा मृत्यू झाला आणि दोन्ही विकारांचे मूळ एकच असल्याचे सिद्ध झाले. तो पूल आज कारिऑनच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याचा स्मृतिदिन पेरूमध्ये वैद्यक दिन म्हणून पाळला जातो.

मिग्ज इ.स. १८७७ मध्ये वारला. सरकारची तिजोरी तोपर्यंत रिती झाली होती. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या, म्हणजे ग्वानो खताच्या, निर्यातीवर काढलेले परदेशी कर्ज फेडणे अशक्य झाले. त्यात चिलीबरोबरचे युद्ध (१८७९–८३) ओढवले. अखेर इ.स. १८९० मध्ये परदेशी रोखेधारकांनी लंडनमध्ये स्थापलेल्या कंपनीकडे कर्जाच्या बदल्यात देशाचे लोहमार्ग सोपविण्यात आले. ला ओरोयापर्यंत गाडी पोहोचली ती इ.स. १८९३ मध्ये, आणि वांकायोपर्यंत इ.स. १९०८ मध्ये. पुढे इ.स. १९७२ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण व इ.स. १९९९ मध्ये पुन्हा खासगीकरण झाले.

आज या मार्गावर मुख्यतः खनिजांच्या मालगाड्या धावतात. प्रवासी गाडी अलीकडच्या काळात वर्षातील मोजक्या दिवशी, तीही पर्यटकांसाठी सुटत असे. विरळ हवेचा त्रास, ज्यास स्थानिक लोक ‘सोरोचे’ म्हणतात, तो झालेल्या प्रवाशास गाडीतच प्राणवायू दिला जाई. लिमाचे देसाम्पारादोस स्थानक आता मुख्यतः साहित्य संग्रहालय म्हणून ओळखले जाते.

वांकायोच्या पुढे वांकावेलिकापर्यंत सुमारे १२८ कि.मी.चा एक फाटा आहे. तेथील ‘त्रेन माचो’ ही गाडी मनास येईल तेव्हा सुटते आणि जमेल तेव्हा पोहोचते, असे लोक थट्टेने म्हणतात. थट्टा खरी, तथापि मांतारो नदीच्या खोऱ्यातील खेडुतांची बाजारहाट याच गाडीवर चालत आली आहे.

दक्षिण रेल्वे

मोयेंदो बंदरापासून अरेकिपा, हुलियाका, पुनो व कुस्को येथे जाणारा हा मार्ग आहे. अरेकिपा इ.स. १८७१ मध्ये, तर कुस्को इ.स. १९०८ मध्ये जोडले गेले. ३,८०० मीटरहून अधिक उंचीवरील तितिकाका सरोवरातून पूर्वी आगबोटीने बोलिव्हियात जाता येई. रेल्वे येण्यापूर्वी त्या सरोवरातील ‘यावारी’ ही आगबोट इंग्लंडहून सुटे भाग करून आणली गेली आणि ते भाग खेचरांच्या पाठीवरून डोंगरावर चढविण्यात आले.

माचू पिक्चूचा मार्ग

कुस्कोहून माचू पिक्चूच्या पायथ्याशी जाणारा ९१४ मि.मी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग प्रवाशांच्या दृष्टीने देशात सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी तो किल्याबांबापर्यंत जात असे; इ.स. १९९८ च्या पुरात पुढचा भाग वाहून गेला व पुन्हा बांधला गेला नाही. पायथ्याच्या आग्वास कालियेंतेस या गावास बाहेरून येणारा मोटाररस्ता नाही. साहजिकच धान्य, रुग्ण, शाळकरी मुले आणि पर्यटक हे सारे याच रुळांवरून येतात. परदेशी पर्यटकांच्या गाड्या महाग व सुखसोयींनी युक्त आहेत. स्थानिकांसाठी अल्प दराची वेगळी गाडी असते, आणि तिच्यात परदेशी प्रवाशास बसता येत नाही. या गाडीतील अपुऱ्या जागा आणि पर्यटनाच्या उत्पन्नातील वाटा यांवरून स्थानिक लोक अनेकदा रुळांवर ठाण मांडतात. अशा वेळी पर्यटक वाटेत अडकून पडतात. ओयांतायतांबोपर्यंत मोटारीने जाऊन तेथून गाडी पकडण्याची रीत आता रूढ झाली आहे.