भिंत आणि झाड

औषध तोंडावाटे पोटात जाते, नाकावाटे फुप्फुसात जाते, सुईच्या टोकाने शिरेतही जाते. पण ते डोळ्यांवाटेही माणसात शिरते, असे कोणी म्हटले तर व्यवहारी माणूस हसतो आणि बोलणाऱ्याला कवींच्या यादीत टाकून मोकळा होतो. मला मात्र या हसण्याचाच इतिहास मोठा उद्बोधक वाटतो. कारण ज्यांनी हे औषध प्रथम ओळखले ते कवी नव्हते. आजाऱ्यांच्या खाटांमधून रात्रंदिवस वावरलेली ती माणसे होती.

त्यांत पहिला मान फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. स्वच्छ हवा आणि स्वच्छ पाणी यांविषयी त्यांनी जो आग्रह धरला तो जगाने उचलला. त्याच पुस्तकात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले होते, ते मात्र फारसे कोणी मनावर घेतले नाही. लाकडी झोपडीत तापाने पडलेल्या रोग्याला खिडकीबाहेरचे काही दिसत नाही, डोळ्यांपुढे फळ्यांवरच्या गाठी तेवढ्या असतात, आणि त्या गाठींचाच त्याला असह्य जाच होतो, असे त्या सांगतात. हा जाच त्यांनी स्वतःच्या तापातही भोगला होता. उलट रंगीत फुलांचा एक गुच्छ पाहून तापकऱ्यांना झालेला हर्ष त्या विसरू शकल्या नाहीत. हा परिणाम नुसत्या मनावरचा नव्हे, देहावरचाही आहे, हे त्यांनी ठासून सांगितले.

पुढे रोगजंतूंचे युग आले. भिंती पांढऱ्या झाल्या, फरशा चकचकीत झाल्या, आणि रोगी काय पाहतो हा प्रश्न मागे पडला. मी आप्तांच्या उशाशी रुग्णालयांत पुष्कळ दिवस काढले आहेत. एकदा रोग्याला काय दिसते हे कळावे म्हणून मी डोके त्याच्या उशीच्या उंचीवर नेऊन पाहिले. एक छत दिसले, एक पंखा, आणि ओलीने आलेला एक डाग. तीन दिवसांत त्या डागात रोग्याने कितीतरी जनावरे पाहिली होती, आणि त्यांतले एकही भले नव्हते! नाइटिंगेल बाईंच्या फळ्यांवरच्या गाठी त्या दिवशी मला नीट समजल्या.

पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आला तो १९८४ साली, अमेरिकेतील रॉजर उलरिक या संशोधकाकडून. पेन्सिल्वेनियातील एका रुग्णालयात काही खोल्यांच्या खिडक्यांतून झाडे दिसत, तर काहींतून तपकिरी विटांची भिंत. उलरिक यांनी १९७२ ते १९८१ या काळातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे काढली आणि वय, लिंग वगैरे जुळवून रोग्यांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतला एक झाडासमोरचा, दुसरा भिंतीसमोरचा. झाडासमोरचे रोगी सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंतीसमोरचे ८.७० दिवसांनी. झाडवाल्यांनी तीव्र वेदनाशामके कमी घेतली, आणि परिचारिकांच्या टिपणांतही त्यांच्या रडण्या-कण्हण्याच्या नोंदी कमी निघाल्या. अवघे ४६ रोगी आणि एकच भिंत. एवढ्यावरून सिद्धांताचे देऊळ बांधू नये हे खरे. तरी हसणाऱ्यांचे हसू थोडे ओसरले.

मग प्रश्न निघाला : झाड खरेच हवे, की झाडाचे चित्र चालेल? १९९१ साली उलरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० विद्यार्थ्यांना आधी कारखान्यातील अपघातांचा एक अंगावर काटा आणणारा चित्रपट दाखवला, आणि मग कोणाला रानावनाची, कोणाला शहरी रस्त्याची दहा मिनिटांची दृश्ये दाखवली. हृदयाची गती, स्नायूंचा ताण, त्वचेवरचा घाम हे सारे यंत्रांनी मोजले. रान पाहणारे लवकर सावरले. पडद्यावरचे पाणी तहान भागवत नाही, पण छातीतली धडधड शांत करते असे दिसले.

यापुढचा प्रयोग कलाप्रेमींना बोचणारा आहे. स्वीडनमधील उप्साला येथे हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या १६० रोग्यांपुढे निरनिराळी चित्रे टांगली : कोणापुढे झाडे व पाणी, कोणापुढे गर्द अरण्य, कोणापुढे अमूर्त आकृती; काहींपुढे काहीच नाही. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झाडे व पाणी पाहणाऱ्यांची चिंता कमी झाली. सरळ रेषांच्या अमूर्त चित्राने मात्र, काहीच न पाहणाऱ्यांपेक्षाही अधिक चिंता उपजवली.

म्हणजे अमूर्त कला मनाला अपायकारक असा निकाल द्यावा काय? मला तो मान्य नाही. रंग थेट आत्म्याला स्पर्श करतात, ही कांडिन्स्कीची १९११ सालची श्रद्धा पोकळ नव्हती. ह्यूस्टन येथे १९७१ साली उघडलेल्या प्रार्थनामंदिरात मार्क रॉथ्कोची १४ काळपट-जांभळी चित्रे आहेत. तेथे लोक तासन् तास बसतात, काही रडतात, आणि हलके होऊन बाहेर पडतात. आपले वासुदेव गायतोंडे, नागपूरला जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये घडलेले, १९६४ साली न्यूयॉर्कला गेले तेव्हा याच रॉथ्कोला भेटले होते. त्यांच्या चित्रांतला निःशब्द प्रकाश ज्याने शांतपणे पाहिला असेल, त्याला मी वेगळे काय सांगावे?

फरक चित्रात आहे तितकाच पाहणाराच्या स्थितीत आहे. रॉथ्कोपाशी माणूस आपल्या पायांनी जातो आणि नको वाटले तर उठून येतो. छातीवर टाके पडलेल्या रोग्याला उठता येत नाही. जी संदिग्धता निरोग्याला खोल नेते, तीच भ्यालेल्या माणसाला त्या ओलीच्या डागासारखी होते. तो आपली भीतीच तिच्यात रंगवतो.

उठता न येणारा दुसरा मनुष्य म्हणजे कैदी. अमेरिकेतील ऑरेगॉनच्या एका तुरुंगात दिवसाचे सुमारे २३ तास कोठडीत काढणाऱ्या कैद्यांना २०१३ पासून अरण्य-सागराच्या चित्रफिती दाखवू लागले. पडद्याच्या उजेडावरून त्या खोलीला ‘निळी खोली’ असे नाव पडले. या उपक्रमामागच्या वनस्पतिशास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून तिकडे गेलेले, आणि यांचे संशोधन उंच वृक्षांच्या शेंड्यांवर. काही पहारेकऱ्यांना हे गुन्हेगारांचे लाड वाटले. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चित्रफिती पाहणाऱ्यांकडून हिंसक आगळिकी २६ टक्क्यांनी कमी घडल्याचे दिसले. तेव्हा लाभ झाला तो पहारेकऱ्यांनाही!

चित्रफीत हा वनाला पर्याय आहे, असे नाडकर्णीही मानत नाहीत. ज्याला वन मिळूच शकत नाही त्याच्यासाठी ती आहे. माझी भीती नेमकी येथे आहे. पडदा स्वस्त असतो आणि जमीन महाग असते. उद्या एखादा हिशेबी मनुष्य अंगणातला आंबा तोडून तेथे वाहने उभी करील आणि खोलीत आंब्याची चित्रफीत लावून देईल, तीही शास्त्राचा दाखला देऊन. म्हणून रुग्णालयाचा आराखडा काढणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की कागदावर खाट आखून झाली म्हणजे तिच्यावर क्षणभर मनाने आडवे व्हावे आणि समोर काय दिसते ते पाहावे. भिंत दिसली, तर पेन्सिल अजून हातात आहे.